भुजलीचं नाव

माझी वहिनी रोज सकाळी स्वप्न सांगायची. चुलीत काड्या सारता सारता, कुणी ऐको न ऐको, तिचं सुरू. रात्रीतून ती कुठं कुठं जाऊन यायची बाप्पा. धानाच्या बांधीत कमळं उगवलेली, तलावाच्या तळाशी बाजार भरलेला, बैल माणसासारखे तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मांडी घालून पान खात बसलेले. माझा मोठा भाऊ तुलाराम, म्हणजे तिचा नवरा, मुकाट्यानं चहा पिऊन शेतावर निघून जायचा. मी चिडायचो. मी सायकलवाला माणूस, सानगडीच्या बाजारचौकात माझं दुकान. पंक्चर काढायचं, चाकाचा आउट काढायचा, गिऱ्हाइकाशी भांडायचं, यात स्वप्नाला जागा कुठं? मी म्हणायचो, "वयनी, स्वप्न पुरं झालं असन तं पेज वाढ." ती हसायची आणि वाढायची.

तिची स्वप्नं मनापासून ऐकणारं गावात एकच माणूस होतं, ते म्हणजे गिरजाबाई. आमच्या मागच्या गल्लीत तिची मुरमुऱ्यांची भट्टी. कढईतल्या तापल्या रेतीत तांदूळ टाकून मुरमुरे फोडायची आणि बाजाराच्या दिवशी टोपलं घेऊन बसायची. अंगानं दणकट, तोंडानं फटकळ. उधार मागणाऱ्याला अशी काही बोलायची की तो रोख देऊन, वर माफी मागून जायचा. हिला म्हणे जन्मात कधी स्वप्न पडलं नाही. "मी आंग टाकलं का मेली, कोंबडा आरवते तवाच जित्ती होते," असं ती सांगायची. म्हणून वहिनीची स्वप्नं ती स्वतःला पडल्यासारखी ऐकायची आणि मध्येच हुज्जत घालायची. "त्या बैलानं पान खाल्लं तं थुकला कोठी?" वहिनीला तेही आठवून सांगावं लागायचं.

त्या दोघी एकमेकींच्या भुजली होत्या. आमच्या भागाबाहेरच्या माणसाला हे उलगडून सांगावं लागतं. आमच्याकडे नागपंचमीला टोपल्यांत माती घालून गहू पेरतात आणि टोपल्या अंधाऱ्या खोलीत ठेवतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी ते पिवळे कोंब वाजतगाजत तलावावर नेऊन पाण्यात शिरवायचे. त्या कोंबांना भुजली म्हणतात. आता दोन बायांनी पाळीवर उभं राहून एकमेकींच्या कानावर ते कोंब खोचले, की त्यांनी भुजली बदली, म्हणजे वचन देऊन नातं बांधलं, असं म्हणायचं, आणि मग ते नातं सख्ख्या बहिणीच्या वरचं. लग्नात, बाळंतपणात, मौतीत भुजली हजर पाहिजे. त्यात एक अट असते. भुजलीचं नाव जन्मात तोंडातून काढायचं नाही. नाव घेतलं तर जिचं घेतलं तिचं आयुष्य घटतं आणि नातं तिथंच तुटतं. वहिनी दिघोरीहून लग्न होऊन आली त्याच वर्षी दोघींनी भुजली बदली. तेव्हापासून ही तिला भुजली म्हणते, ती हिला भुजली म्हणते.

खरं तर वहिनीचं नाव सत्यभामा. पण ते घेत कोण होतं? भाऊ घेणार नाही. आमची आई होती तोवर "तुलारामची बायको" म्हणायची. शेजारणी आमच्या कापगते आडनावावरून कापगतीन म्हणायच्या. दिघोरीला आईबाप राहिले नव्हते.

ब्याऐंशी सालच्या थंडीत वहिनीच्या मानेला गाठी आल्या. आधी एक, मग तिच्या खाली दुसरी, बोरासारख्या. गावात ज्याला त्याला औषध माहीत असतं. कुणी गंडमाळ म्हणालं, कुणी पाला वाटून बांधायला दिला, कुणी मंतरलेला दोरा आणला. मी साऱ्यांशी भांडलो आणि तिला साकोलीच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी हात लावून पाहिलं आणि नागपूरला पाठवलं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गाठीचा तुकडा कापून तपासला. मग तिथल्या डॉक्टरांनी मला आणि भावाला आत बोलावलं आणि सांगितलं, हा कर्करोग आहे. पण या जातीच्या कर्करोगाला औषध लागू पडतं. महिन्याला एक फेरा, शिरेतून इंजेक्शनं आणि मग गोळ्या, असे सहा फेरे. मध्ये खंड पडला तर गाठी परत उठतील आणि मग औषधाला जुमानणार नाहीत. भाऊ इतका वेळ पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "तू ने, गोपी. माह्यानं दवाखान्यात उभं नाही राहवत." शेतही होतंच त्याच्या मागं. म्हणून फेरे माझ्या वाट्याला आले.

होळीच्या आसपास पहिलं इंजेक्शन झालं. ओकाऱ्या झाल्या, केस गेले, पण गाठी खरंच विरघळू लागल्या. मान वळवून वहिनी मला दाखवायची, "पाय गा बाबू, लहानी झाली का नाही?" मी बोट लावून म्हणायचो, झाली. आम्हाला वाटलं, जिंकलो.

पण गाठीसोबत दुसरंही काही कमी होत होतं. आंबे उतरायच्या दिवसांत ती घडा घेऊन विहिरीवर गेली आणि अर्ध्या वाटेत बसली. उठवायला गेलो तर म्हणाली, "बसू दे घटकाभर. जमीन लय मऊ लागून राहिली." तिचे ओठ, तिची नखं, पापणीची आतली कड, सारं पांढरं झालेलं. अंधाऱ्या खोलीतल्या भुजलीच्या कोंबासारखा तिचा रंग. आम्ही गावठी उपाय केले. मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्याची भाजी, गूळ, गिरजाबाईनं आणलेले वाळके झिंगे. गिरजाबाई स्वतः समोर बसून खाऊ घालायची आणि खाल्लं नाही तर शिव्या द्यायची. तरी रंग परत येईना.

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं, आणि माझ्या डोक्यात शिरेल असं सांगितलं. म्हणाले, "रक्त हाडाच्या आतल्या मगजात तयार होतं. हे औषध वाढणाऱ्या पेशीला मारतं, मग ती रोगाची असो की रक्ताची. तुम्ही निंदण काढता तेव्हा गवतासोबत धानाची काडीही उपटून येते की नाही? तसंच. मगज पुन्हा रक्त करेल, पण त्याला वेळ लागतो. तोवर भाजीपाल्यानं भागणार नाही, बाहेरून रक्त द्यावं लागेल. रक्त इतकं कमी असताना मी पुढचं इंजेक्शन देऊ शकत नाही." मी विचारलं, रक्त कुठून आणायचं? ते म्हणाले, नातेवाइकानं द्यायचं.

तिसऱ्या फेऱ्याला मी दिलं. भ्यालो नाही असं म्हणणार नाही. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब निळ्या पाण्याच्या ग्लासात सोडतात. थेंब बुडाला तर रक्त चांगलं, तरंगला तर घरी जा. माझा थेंब एखाद्या लाल मण्यासारखा सरळ तळाशी गेला आणि मला उगाच अभिमान वाटला.

मला खरं सांगायचं आहे ते त्या फेऱ्यांतल्या एस.टी.च्या प्रवासाबद्दल. वहिनी खिडकीपाशी बसायची, डोक्यावर पदर, डोळे अर्धे मिटलेले. साकोली सुटली की दोन्ही बाजूंनी जंगल लागतं. ती हळूच विचारायची, "बाबू, झाडं पाण्यात उभी आहेत काय गा?"

"नाही वयनी. जमिनीवर आहेत."

"मले पाण्यात दिसून राहिली."

तिच्या कानात सारखा तुडुमाचा आवाज यायचा. तुडूम म्हणजे तलावातून बांधीत पाणी सोडायचं दार. ते उघडलं की खालून घुमल्यासारखा एक आवाज निघतो, तोच हिच्या कानात दिवसरात्र. अंगात रक्त कमी झालं की असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. पण वहिनीला त्याचा त्रास नव्हता. ती म्हणायची, "माह्या आंगात कोणीतरी पाणी सोडलं आहे, बांध्या भरून राहिल्या." पूर्वी ती रात्री स्वप्नं बघायची आणि सकाळी सांगायची. आता दिवसाच बघायची आणि बघता बघताच सांगायची. भंडाऱ्याला वैनगंगेचा पूल आला की तिचा आवाज अगदी बारीक व्हायचा. खाली वाळू, वाळूत पाण्याच्या दोन-तीन धारा, धारेत उभे बगळे. ती म्हणायची, बगळे नाहीत, धुणं वाळत घातलं आहे, आईचं लुगडं आहे त्यात. पूल संपून गाडी पुढे गेली तरी विचारायची, "आपुन पलीकडं गेलो का अलीकडंच आहो?"

आणि मी, जो सकाळच्या पेजेसाठी चिडायचो, तो काहीच बोलायचो नाही. कंडक्टरची घंटा, इंजिनाची घरघर, तिचा तो बारीक आवाज. मलाही झाडं पाण्यात दिसू लागायची. एकदा मौद्यापर्यंत मी वाळत घातलेली लुगडीच बघत बसलो होतो. कुणाला सांगायची सोय नव्हती, दुकानावर हसले असते.

पाचवा फेरा ऐन रोवण्याच्या, म्हणजे धानलावणीच्या, दिवसांत आला. वहिनीला गाडीतून उतरवून स्टँडवर बसवलं तर ती बसूनही धापा टाकत होती. दवाखान्यात तपासलं तर रक्त पूर्वीपेक्षाही खाली गेलेलं. डॉक्टरांनी तिला दाखल करून घेतलं आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाले, "काळजावर ताण पडतोय. एक-दोन दिवसांत रक्त चढलंच पाहिजे. त्यानंतरच इंजेक्शन. आणि इंजेक्शन लांबवूनही चालणार नाही."

मी बाही वर केली. ते म्हणाले, तुम्हाला देऊन अजून तीन महिने झाले नाहीत, चालणार नाही. भाऊ निरोप मिळताच रात्रीतून आला, पण त्याला नुकताच हिवताप येऊन गेलेला, त्याचंही घेईनात. तो बिचारा खिडकीपाशी भांडला. भाऊ भांडताना मी पहिल्यांदाच पाहिला. मग मी त्याला वहिनीपाशी बसवून सानगडीला आलो आणि घरोघर गेलो. रोवण्याच्या दिवसांत कोण येतो? सारे चिखलात. लोक वाईट नव्हते, पण रक्त दिलं तर चिखलात उभं राहता येणार नाही, वाकलं की चक्कर येईल, आणि रोवणा टळला तर वर्ष गेलं, असं ज्याला त्याला वाटायचं. सुखराम म्हणून माझा जिवाभावाचा दोस्त, तो माझ्याकडं न बघता रोपांची जुडी सोडत राहिला. मी त्याला नाही नाही ते बोललो. तरी तो आला नाही.

शेवटी गल्लीत आलो तर गिरजाबाईनं भट्टीत पाणी ओतलं होतं. सारी गल्ली धुरानं भरलेली. ती लुगडं बदलून उंबऱ्यात उभी. म्हणाली, "मले काहून नाही विचारलं? माह्या आंगात काय पेज आहे?"

आम्ही सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालो. गिरजाबाई भंडाऱ्याच्या पुढं कधी गेली नव्हती. साऱ्या वाटेनं तिनं कंडक्टरला, ड्रायव्हरला आणि मला सूचना दिल्या. दवाखान्यात शिरली तशी गप्प झाली. वहिनीच्या खाटेपाशी गेली, तिच्या पांढऱ्या हाताला हात लावला. वहिनी डोळे मिटून काहीबाही पुटपुटत होती. भाऊ म्हणाला, सकाळपासून असंच चाललं आहे. तेवढ्यात डॉक्टर आले आणि मला थांबवून घेतलं, म्हणून गिरजाबाईला एका आयेसोबत रक्त घ्यायच्या खोलीकडे पाठवलं. एवढं मोठं काम, आणि मी तिला एकटीला जाऊ दिलं, कारण त्यात अडण्यासारखं काय होतं?

बऱ्याच वेळानं मी गेलो तर ती बाहेर निंबाच्या पारावर बसलेली. चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा. झालं ते असं. खिडकीतल्या माणसानं विचारलं, रक्त कोणासाठी? ही म्हणाली, माह्या भुजलीसाठी. तो म्हणाला, पेशंटचं नाव सांगा. ही गप्प. पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, "किती पैसे घेतले?"

त्या दिवसांत दवाखान्याच्या फाटकाबाहेर रक्त विकणारे बसायचे. दलाल त्यांना कुणाचंही नातेवाईक करून आत आणायचे. पेशंटचं नाव सांगता येत नाही म्हणजे विकत आणलेला माणूस, ही त्या खिडकीतल्या बाबूची खूणगाठ. आणि जिनं आयुष्यात कुणाचा मूठभर मुरमुरा जास्त ठेवून घेतला नाही, तिला त्यानं खिडकीवरून हाकललं.

मी खिडकीवर जाऊन असा ओरडलो की रांग मागे सरकली. म्हणालो, ही आमच्या घरची आहे, पेशंट सत्यभामा तुलाराम कापगते, लिहा. त्यानं पेन खाली ठेवलं. शांतपणे म्हणाला, "तुम्ही सांगू नका. असंच शेजारी उभं राहून सांगतात सारे. मागच्या महिन्यात अशाच एकाच्या रक्तापायी माझ्यावर आलं होतं. त्यांचं स्वतःचं माणूस असेल तर त्यांनाच सांगू द्या. नाव घ्यायला काय जातं?"

नाव घ्यायला काय जातं, हे त्याला मी कुठल्या भाषेत समजावणार होतो? तरी भुजलीची गोष्ट सांगून पाहिली. तो म्हणाला, दलाल याहून चांगल्या गोष्टी सांगतात.

मी पारावर आलो. "गिरजाबाई, घे व नाव. एक डाव घ्याचं आहे."

"अन् तिचं आयुष्य घटलं तं? एका हातानं रक्त द्याचं अन् दुसऱ्या हातानं आयुष्य न्याचं? असं कोठी असते काय?"

"नाही घेतलं तं आयुष्य उरते कोठी घटाले? तुनं पायलं नाही तिले?"

"पायलं म्हणूनच तं."

मी खूप बोललो. हा अडाणीपणा आहे म्हणालो, गव्हाच्या कोंबानं कुणी मरत नाही म्हणालो, तुझ्या या हट्टापायी वहिनी जाईल असंही म्हणालो. ती पारावरची गळलेली निंबोळी बोटानं इकडून तिकडे सरकवत राहिली. वर पानं हलत होती, आणि खाली तिच्या पांढऱ्या लुगड्यावर उन्हाचे ठिपके हलत होते. दवाखान्याचा तो सारा गलका लांब कुठंतरी गेल्यासारखा झाला. मग तिनं अगदी वेगळंच विचारलं.

"आज स्वप्न पडलं तिले?"

वास्तविक मी भडकायला हवं होतं. पण मी सांगू लागलो. खाटेपाशी बसलो असताना वहिनी जे पुटपुटत होती त्याचे तुकडे मी जोडले होते. "तलावात उतरली म्हणे. पाणी कोमट आहे. पायाखाली माती नाही, नुसतं मऊ. तळाशी बाजार भरला आहे, दिवे लागले आहेत. तिले तिकडं जायाची लय घाई होती."

"कुठवर गेली?"

"गळ्यापर्यंत आलं म्हणे पाणी."

"अन् पाळीवर कोण होतं?"

"सगळ्या बाया होत्या, भुजली शिरवाले आलेल्या."

"अन् कोणी आवाज नाही देल्ला तिले?"

मी म्हणालो, मला काय माहीत.  गिरजाबाई माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "भुजली म्हणून आवाज देल्ला तं पाळीवरच्या साऱ्या बाया वळून पायतीन. पाण्यातली कायले वळन? तिले तं नावानंच बोलवा लागन."

ती उठली. नळावर जाऊन तोंड धुतलं, चूळ भरली, पदर डोक्यावर घेतला. खिडकीपाशी जाऊन आधी हात जोडून वर पाहिलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "जे घटन ते माह्यातलं घटो." मग त्या बाबूच्या डोळ्याला डोळा लावून, एखाद्यानं तलावाच्या या पाळीवरून त्या पाळीला हाक मारावी तशा आवाजात नाव घेतलं. सत्यभामा. सत्यभामा तुलाराम कापगते, दिघोरीची लेक. रांगेतली माणसं बोलायची थांबली. आयाबाया दारातून डोकावल्या. इतक्या वर्षांत ते नाव कुणाच्या तोंडून असं पूर्ण, असं मोठ्यानं मी ऐकलं नव्हतं.  बाबूनं मान खाली घालून लिहून घेतलं आणि म्हणाला, "बसा बाई आत."

तिचा थेंब निळ्या पाण्यात बुडाला. गटही जुळला. बाटली भरली. बाहेर आली तेव्हा हातात त्यांनी दिलेला चहाचा कप होता, तो तिनं मला दिला.

"चाल, वयनीपाशी बस," मी म्हणालो.

"आता कोणत्या नात्यानं बसू?" ती म्हणाली. "तुटलं ते. मले गाडीत बसवून दे."

मी हात धरला, रागावलो, विनवलं. ती ऐकेना. स्टँडवर गाडीत बसली आणि खिडकीतून तोंड दुसरीकडं फिरवून घेतलं. डोळे पुसत होती की काय, मला दिसलं नाही.

दुपारी वहिनीला रक्त लावलं. थेंब थेंब नळीतून खाली येत होता. खिडकीतून ऊन तिच्या पायावर आलं, मग गुडघ्यावर, मग निघून गेलं. भाऊ आणि मी दोन बाजूंना बसलो होतो. संध्याकाळकडे तिच्या ओठांवर एक पुसट रंग आला. मी चमत्कार सांगत नाही, रक्त चढलं की येतोच तो. तिनं डोळे उघडले आणि बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा आमच्याकडं, आमच्या पलीकडं नाही, असं पाहिलं. म्हणाली, "भुजली आलती काय?"

मी सारं सांगितलं. नाव घेतलं तेही सांगितलं. लपवून काय करू?  तिनं बाटलीकडं बोट करून एवढंच विचारलं, "हे तिचंच आहे?" मी हो म्हणालो. मग बाटली संपेस्तोवर ती तिकडंच बघत होती.

पाचवं इंजेक्शन झालं. सहाव्याच्या वेळी माझे तीन महिने भरले होते, तेव्हा मीच दिलं. पण गिरजाबाई आमच्या घरी परत आली नाही. झिंगे, मुनग्याची भाजी कुणाच्या तरी हाती दाराशी यायची. ती स्वतः माझ्या दुकानावर यायची, एखाद्या सायकलची घंटी उगाच वाजवायची आणि दुसरीकडं बघत विचारायची, "बरी आहे काय?" कोण बरी, ते म्हणायची नाही. भुजली म्हणता येत नव्हतं, नाव घेता येत नव्हतं. वहिनीला जरा ताप आला, खोकला झाला, की ही दोन दिवस भट्टी पेटवायची नाही. साऱ्या गावाला ती सांगत सुटली होती, "मी तिचं आयुष्य खाल्लं." मी म्हणालो, "तुनं तिले जगवलं व बाई." ती म्हणाली, "तुले हिशेब कळत नाही."

आणि सकाळी आमच्या घरात सामसूम. वहिनी चुलीत काड्या सारायची आणि गप्प. एक दिवस मीच न राहवून विचारलं, "स्वप्नं बंद झाली काय वयनी?"

"पडते नं. पण सांगू कोणाले?"

"मले सांग. मी आयकतो आता."

"तू आयकते गा बाबू, पण हुज्जत नाही घालत," ती म्हणाली.

धान कापून खळ्यात आलं तेव्हा आम्ही शेवटचे नागपूरला गेलो. डॉक्टरांनी मान, काख, पोट सारं चाचपून पाहिलं. गाठी नाहीत म्हणाले. रक्तही आपलं आपण भरून येतं आहे म्हणाले. परतताना वैनगंगेच्या पुलावर मी तिला म्हणालो, "पाय वयनी, लुगडी वाळत घातली आहेत." तिनं माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं. म्हणाली, "बगळे आहेत ते." मी इतका हसलो की पुढचा म्हातारा मागं वळून बघू लागला.

घरी पोहोचलो तर तिनं पिशवी ठेवली, हातपाय धुतले आणि तशीच मागच्या गल्लीकडं निघाली. डोक्यावर नुकते उगवलेले बारीक केस, पायात जोर आलेला. मी मागून गेलो. भट्टी पेटलेली होती, गिरजाबाई कढईत झारा फिरवत होती. वहिनीला पाहिलं आणि झारा टाकून आत पळाली, आतून कडी लावली.

"जाय व तू," आतून आवाज आला. "माह्या तोंडापुढं नोको येऊ."

"डॉक्टर म्हणते गाठी नाही," वहिनी अंगणातून म्हणाली.

"डॉक्टरले काय समजते? आज नाही तं उद्या होतीन. मी नाव घेऊन बसली तुहं."

वहिनी उभी राहिली. गल्लीतल्या बाया आपापल्या दारात आल्या. मला वाटलं, ही आता रडेल किंवा परत फिरेल. तिनं पदर खोचला आणि दाराकडं तोंड करून सरळ हाक मारली, "गिरजा."

तिनं दारावर थाप मारली.

"गिरजा. अव गिरजा, दार उघड."

कडी खणकन निघाली. गिरजाबाई बाहेर आली ती संतापानं थरथरत. "हे काय केलं व तुनं? माहं आयुष्य काहून घटवलं?"

"तुनं माहं घटवलं, मी तुहं घटवलं," वहिनी म्हणाली. "आता दोघींचं बराबर झालं. जवा जाचं तवा संगंच जाऊ. मांगं एकटीनं राहाचं भेव नाही."

 गिरजाबाई उंबऱ्यातच खाली बसली आणि लहान पोरीसारखी हमसून रडू लागली. वहिनी तिच्याजवळ बसली आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. भट्टीवर मुरमुरे करपू लागले होते, ते मी उतरवले.